कोटीला नऊ कमी

वर्षअखेरच्या महिन्यातील पहिल्या सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास, रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावरील कोपऱ्याच्या खोलीत दोन सख्खे भाऊ एका संख्येवरून हमरीतुमरीवर आले.

थोरल्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया होऊन पंधरवडा उलटला होता. दुपारी त्याला घरी सोडणार होते. कोणाच्या घरी, एवढेच ठरायचे होते. "मला माझ्याच घरी ने," असे त्याने धाकट्याला विनवले होते आणि धाकट्याने शब्द दिला होता. मधल्या बहिणीचे, ताईचे, म्हणणे असे की दादा आता एकटा राहू शकणार नाही. त्याचे डोके शाबूत असल्याचे तिच्यादेखत सिद्ध करण्याचा विडा धाकट्याने उचलला होता. दोघांनी जन्मभर गणित शिकवलेले; भेटताच संख्या पुढे टाकून तिचे अवयव विचारणे, हीच त्यांची ख्यालीखुशाली.

"दादा, दहा लाखाला नऊ कमी?"

"नऊशे सत्त्याण्णव गुणिले एक हजार तीन." दादाने डोळेसुद्धा उघडले नाहीत. "हजाराच्या वर्गातून तिनाचा वर्ग गेला. वजाबाकी एक अवयव, बेरीज दुसरा. शेंबड्या पोराला विचार असलं!"

धाकट्याने ताईकडे विजयी नजर टाकली. "बरं, एक कोटीला नऊ कमी?"

"ती फुटत नाही. मूळ संख्या आहे."

धाकटा पुढे झुकला. "नीट बघ. नऊ हा वर्ग आहे. तीही तशीच फुटणार."

"नाही म्हटलं ना! डॉक्टरांनी डोकं फोडलंय माझं, संख्या नाही."

"हट्ट सोड, दादा!"

ताई खिडकीशी दादाच्या शर्टांच्या घड्या घालत होती. तिने पुढचा शर्ट उचलला. तेच धाकट्याला झोंबले. तो बाहेर येऊन भिंतीला टेकला आणि सवयीने कोटीची शून्ये बोटांवर मोजू लागला. सात! दहा लाखाची शून्ये सहा, म्हणून तो हजाराचा वर्ग. सात शून्यांच्या कोटीला पूर्ण वर्गमूळच नाही. नियमाला इथे पायाच नव्हता. मग आठवले, लग्नाच्या पहिल्या वर्षी दादाने हीच संख्या वर्गमुळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहिली होती. वहिनी शेजारी बसून ताळा करीत असे. एकही भागाकार निःशेष गेला नव्हता.

तो धावतच आत शिरला. "ताई, दादाचंच खरं! गाढव मी आहे. कोटी हा वर्गच नाही."

"मग मी काय बोंबलत होतो?" दादा उठून बसला. चेहऱ्यावर जुने तेज आले होते. "पटत नसेल तर विचार तुझ्या वहिनीला. आत्ताच चहा टाकायला गेली. हाक मार तिला."

वहिनीला जाऊन चौथे वर्ष चालू होते.

दादा दाराकडे कान देऊन वाट पाहत राहिला. धाकट्याच्या मनात युक्तिवाद दाटले होते: स्मृती वेगळी, तर्क वेगळा, गुंगीची औषधे वेगळी.

ताईने शेवटच्या शर्टाची घडी पिशवीत ठेवली.

"संख्येत तो चुकला नाही," ती म्हणाली. "पण दादा आजपासून माझ्याकडे राहील."