बऱ्या दिवसांतली भेट

सुतारकामाच्या त्या कारखान्यात पॉलिश वहिनीकडे होतं. नवरा ऑर्डरी आणायचा आणि लाकडाला हात धाकट्या दिराचा. हात म्हणजे सोनं! पण मधूनच तो अंथरूण धरायचा. मग गल्लीतले डॉक्टर उदासीच्या गोळ्या द्यायचे. काही दिवसांनी तो उठायचा, रात्रंदिवस रंधा मारायचा, आणि अख्खं घर सुटकेचा निःश्वास टाकायचं. बरा झाला म्हणून गोळ्याही बंद, डॉक्टरही बंद.

यंदा वहिनीने डोळे उघडे ठेवले. कारखाना खुर्च्यांनी भरला होता आणि एकीलाही बैठक नव्हती. दीर झोपत नव्हता, तोंडाचा पट्टा थांबत नव्हता. गेल्या खेपेला असाच झपाटा ओसरल्यावर तो म्हणाला होता, "वहिनी, मला जगायचंच नाही." ते शब्द ती विसरली नव्हती आणि पुन्हा ऐकायची तिची तयारी नव्हती. तिने सरळ मनोविकारतज्ज्ञांची वेळ घेतली.

"अगं, तो तिघांचं काम करतोय!" नवरा वैतागला. "धडधाकट माणसाला दवाखान्यात कशाला?"

"धडधाकट आहे का, ते त्यांनाच ठरवू दे."

दीर तर हसतच सुटला. "मला काय धाड भरलीय?"

वहिनी डगमगणारी नव्हती. "भाऊजी, दाराचं माप कोरड्या हवेत घेतलं तर?"

"दमट हवेत फुगून अडकणार. दोन्ही हवांचा विचार करूनच फट ठेवायची. हे काय विचारणं झालं?"

"गल्लीतल्या डॉक्टरांनी तुम्हाला एकाच हवेत पाहिलंय."

"तू वकील व्हायला हवी होतीस," म्हणत दिराने चपला घातल्या. नवराही कुरकुरत मागोमाग निघाला.

मनोविकारतज्ज्ञ बाईंनी त्याला मनसोक्त बोलू दिलं, मग झोपेचं विचारलं, मागचंही विचारलं. "याला बायपोलर म्हणतात," त्या म्हणाल्या. "चढ आणि उतार एकाच आजाराचे. नुसत्या उताराच्या गोळ्यांनी चढ वाढू शकतो. औषध बदलू, आणि समुपदेशकांनाही नियमित भेटायचं."

"म्हणजे माझी कलाही आजारच?" त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"कला तुमचीच, भाऊजी," वहिनी ताडकन म्हणाली. "झोप उडते ती आजाराने."

शेजारच्या खोलीत समुपदेशकांनी विचारलं, "चढ सुरू झाला की तुम्हाला कुणी थांबवलेलं चालेल?"

वहिनीने नकळत पदर सावरला. आपलंच नाव येणार, हे तिला ठाऊकच होतं.

"दादाने," दीर म्हणाला. "वहिनी तर सांगतेच. पण दादा शाबास म्हणतो, म्हणून मी थांबत नाही."

नवऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. वहिनीला वाटलं, आता हा वाद घालणार. त्याने खुर्ची भावाच्या जवळ ओढली.

"ऑर्डर गेली तरी चालेल," तो म्हणाला. "मी म्हणेन, झोप आता."