उत्तर ब

लेकीच्या लॉ कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेचे सरावप्रश्न मोठ्याने वाचायचे आणि ती सांगेल त्या उत्तरावर खूण करायची, हे काम तिच्या आईचं होतं. आई गेली आणि ते बाबांच्या गळ्यात पडलं. बाबा वायरमन, वाचताना अडखळायचे. टेबल आणि भिंतीमध्ये खुर्ची अशी अडकलेली, की लेक समोरून उठल्याशिवाय त्यांची सुटका नव्हती.

"वेळेवर औषध घेणारा प्रत्येक रुग्ण बरा होतो," बाबांनी वाचलं. "एक बाई बरी झाली नाही. तर निष्कर्ष काय?"

"ब. तिने वेळेवर औषध घेतलं नाही."

बाबांची पेन्सिल जागची हलली नाही.

"साफ खोटं! एक गोळी चुकू दिली नाही मी. तुझी आई तर वैतागून म्हणायची, गजराचं घड्याळ परवडलं, पण तुम्ही नको."

लेकीचा चेहरा उतरला. "बाबा, हे आईबद्दल नाहीये. पेपरात पहिलं विधान खरं धरूनच चालावं लागतं."

"आणि ते विधानच चुकीचं असलं तर?"

"ते कोर्टात विचारता येतं. पण तिथे पोचायला आधी हा पेपर सुटायला हवा ना."

बाबांनी खुर्ची मागे रेटून पाहिली. मागे भिंतच होती. मग त्यांनी मान खाली घातली आणि 'ब'वर खूण केली.

"केली बाई," ते म्हणाले. "पण वकील झालीस की पहिली केस माझी घे."