इन्स्पेक्टरीणबाई

माझ्या भाचीला आम्ही घरात इन्स्पेक्टरीणबाई म्हणतो. एवढीशी पोर, पण जिना चढताना मध्येच थांबून कठडा न्याहाळणार, रस्त्यात प्रत्येक दुकानाच्या पाटीपाशी रेंगाळणार. "मावशीवर गेलीय," असं मी चारचौघांत मिरवत असे. भोचकपणा आमच्या रक्तातच आहे.

गेल्या वर्षी तिला न्यूमोनिया झाला. ताप उतरला, दम मात्र गेला नाही. फुप्फुसातल्या बारीक नळ्यांना आतून वण धरलेत आणि त्या बुजत चालल्यात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लाखात एखाद्या मुलाला होतं म्हणे. ते नेमकं आमच्याच वाट्याला यायचं! तेव्हापासून रोज तोंडात औषधाचा फवारा आणि दर महिन्याला इस्पितळात सलाईनमधून स्टेरॉइड. पोरीचे गाल फुगले आणि माझी बहीण वाळून काडी झाली.

ते सलाईन बंद करायचं की नाही, हे आज ठरणार होतं. डॉक्टरीणबाईंनी भाचीच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला आणि तिला व्हरांड्यात चालायला सांगितलं. बहीण बाकावर देव पाण्यात घालून बसलेली.

पोर ऐटीत निघाली. भिंतीवरच्या एका चित्रापाशी थांबली. पुढच्या चित्रापाशी पुन्हा थांबली.

"दम लागला का गं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही. चित्र बघतेय."

"बघा, नजर कशी आहे!" मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंचं लक्ष चिमट्यावरच्या आकड्याकडे होतं. तो घसरत होता. त्या तिच्याशेजारी उकिडव्या बसल्या. "डोळे मिट बरं. काय आहे चित्रात?"

ती गप्प. समोर भलंमोठं जहाज होतं.

"दमले म्हटलं की आई रडते," ती हळूच म्हणाली.

वर्षभर आम्ही या लेकराच्या दमाचं कौतुक करत होतो.

सलाईन चालूच राहणार होतं, शिवाय आता घरी ऑक्सिजनही. बहीण उठून आली. हिचा बांध फुटणार असं मला वाटलं, आणि फुटलाच. पण रडता रडताच ती लेकीला म्हणाली, "अगं, मी आहेच रडूबाई. तू दमलीस तरी रडेन, नाही दमलीस तरी रडेन. तू आपली सांगत जा."

आम्ही परत निघालो. पोर थोडं चालली, आईच्या तोंडाकडे बघितलं, आणि भर व्हरांड्यात मोठ्याने म्हणाली, "आई, दम लागला."

बहिणीने डोळे पुसले नाहीत. माणसांच्या येण्याजाण्यात तिथेच फरशीवर फतकल मारून बसली आणि तिला मांडीवर घेतलं.