डावा ट्रॅक

चारुदत्त करमरकरांनी केबिनचं दार आतून लावून घेतलं, तेव्हाच चंद्रशेखरला वाटलं, काहीतरी अवघड सांगणार.

"मॉडेल हवंय," करमरकर म्हणाले. "आपल्या पडलेल्या क्रेनचं. चालणारं, फिरणारं. ऑपरेटरने लोड घेऊन जोरात स्विंग केला आणि क्रेन उलटली, हे चौकशी कमिटीला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. तुझ्याशिवाय कोण करणार?"

ते खरं होतं. मुसफ्फातल्या त्या कंपनीत चंद्रशेखर डिझाइन इंजिनियर होता, पण लोक त्याला ओळखायचे ते रिसेप्शनमधल्या काचेच्या पेटीतल्या एक्सकॅव्हेटरमुळे. लीव्हर ओढला की त्याची बकेट खरोखर वाळू उचलायची. आणि त्याला पुण्याहून अबू धाबीला आणलं होतं करमरकरांनीच.

पडलेली क्रेन क्रॉलर होती, रणगाड्यासारख्या लोखंडी पट्ट्यांवर चालणारी. पाइपांचा गठ्ठा उचलून वळताना ती डाव्या अंगावर आडवी झाली. हुकाला माल बांधणाऱ्या एका रिगरचा पाय गेला. ऑपरेटर कमरुद्दीन, रत्नागिरीचा, तेव्हापासून कोठडीत होता.

चंद्रशेखरने काम सुरू केलं, थोडं वर्कशॉपमध्ये, थोडं घरी. मॉडेल खऱ्या क्रेनच्या सोळाव्या हिश्शाचं. ट्रॅकची एकेक प्लेट ॲल्युमिनियममधून कापून पिनांनी जोडली. भंगारातल्या गाड्यांच्या वायपर मोटारी बसवल्या. मागच्या पेटीत शिशाच्या पट्ट्या रचून तोल सांभाळणारं काउंटरवेट केलं. शाळेतून आलेली पर्णिका म्हणाली, "पप्पा, कॅन आय ड्राइव्ह इट?" तो तिच्यावर उगाच खेकसला. प्रमोदिनीने स्वयंपाकघरातून वळून पाहिलं.

"काय झालंय तुम्हाला?"

"काही नाही. डेडलाइन."

झालं ते असं होतं. अपघाताच्या आदल्या आठवड्यात तो त्याच जागी मापं घ्यायला गेला होता. तिथे पाण्याच्या लाइनसाठी चर खणलेला होता. नंतर तो बुजवला, पण त्यावर रोलर फिरला नाही, कारण रोलर दुसऱ्या साइटवर नेला होता. ऑफिसात हे सगळ्यांना माहीत होतं. बोलत कुणीच नव्हतं, तोही नाही.

शुक्रवारी, वर्कशॉप बंद असताना, त्याने वाळूच्या ट्रेमध्ये मॉडेल उभं केलं. एवढं लहान यंत्र खऱ्यापेक्षा चौपट लवकर फिरवलं तरच ते खऱ्यासारखं झुकतं, हे त्याने मोजूनमापून बसवलं होतं. हुकाला वजन लावून जोरात फिरवलं. वजन झोके खात राहिलं, ट्रॅकची एक कड किंचित उचलली आणि परत बसली. आणखी जोरात फिरवलं. तेच.

मग त्याने चमच्याने वाळूत चर खणला, सैल वाळूने भरला, वरून हात फिरवला. डावा ट्रॅक त्यावर आणला आणि अगदी सावकाश फिरवलं. ट्रॅक खचला, बूमचा लांब हात कलला आणि सगळं यंत्र धाडकन आडवं झालं.

रविवारी त्याने करमरकरांना सांगितलं, "सर, कितीही जोरात फिरवा, स्विंगने पडत नाही."

"मग मागचं वजन थोडं काढ. पेटी बंद असते, कोण उघडून बघतंय?" करमरकरांनी आवाज खाली आणला. "हे बघ, तुझा व्हिसा, माझा व्हिसा, सगळं या कंपनीवर. ऑपरेटरचं मी बघतो. महिना-दोन महिन्यांत सुटेल, इन्शाल्ला."

त्याने शिशाच्या काही पट्ट्या काढल्या. आता मॉडेल हवं तसं पडत होतं.

कमिटीच्या आदल्या संध्याकाळी कमरुद्दीनची बहीण घरी आली. हमीदा नाव, एका क्लिनिकमध्ये नर्स. ती चहालाही थांबली नाही. "भाऊ, मी काही मागायला नाही आले," ती म्हणाली. "कमरु एवढंच म्हणतो, जमीन खाली गेली. तुम्ही साइटवर जाता. असं होतं का हो?"

"बघतो," चंद्रशेखर म्हणाला. ती गेल्यावर दाराची कडी लावायचंही त्याच्या लक्षात राहिलं नाही.

कॉन्फरन्स रूममध्ये एसी असूनही त्याच्या पाठीला शर्ट चिकटला होता. कमिटीचा प्रमुख, एक वयस्कर इजिप्शियन इंजिनियर, चष्मा पुसत वाळूच्या ट्रेमध्ये उभ्या केलेल्या मॉडेलभोवती फिरला. "यल्ला, दाखवा."

करमरकरांनी मान हलवली. चंद्रशेखरने रिमोट उचलला, परत टेबलावर ठेवला. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून त्याने मागची पेटी उघडली.

"एक मिनिट सर," तो इंग्रजीत म्हणाला. "काउंटरवेट अपुरं आहे." शिशाच्या पट्ट्या त्याच्या बॅगेतच होत्या. एकेक आत ठेवताना होणारा आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू येत होता.

"चंद्रशेखर," करमरकर मराठीत पुटपुटले, "काय करतोयस तू?"

चंद्रशेखरने पेटीचं झाकण लावलं. मॉडेल जोरात फिरवलं. ते उभं राहिलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा उभंच. म्हाताऱ्याने चष्मा लावला. "मग खरी क्रेन कशी पडली?"

"चमचा मिळेल का?" चंद्रशेखरने विचारलं.

चमच्याने चर खणून त्याने तो सैल वाळूने भरला, डावा ट्रॅक त्यावर आणून सावकाश फिरवलं, आणि मॉडेल आडवं झालं. मग म्हाताऱ्याने विचारलं, "हा चर साइटवर कुठे आहे?"

"दाखवतो. खणलात तर सैल माती अजून सापडेल."

त्याच दुपारी तिथे खणलं, आणि सापडली. काही दिवसांनी कमरुद्दीन सुटला. कंपनीने चंद्रशेखरला एक शब्दही बोलून दाखवला नाही. फक्त महिनाअखेरीस त्याचा व्हिसा कॅन्सल झाला. करमरकर जिन्यात भेटले तेव्हा भिंतीकडे बघत उतरून गेले. ते मात्र चंद्रशेखरला लागलं.

घरात खोकी भरायला काढली होती. प्रमोदिनी पर्णिकाची पुस्तकं रचत होती.

"बरोबर केलंत," ती म्हणाली. "पण मला विचारलं नाहीत."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस?"

तिने चिकटपट्टी ओढून खोकं बंद केलं. "माहीत नाही. घाबरले असते. पण आपण दोघं मिळून घाबरलो असतो ना."

चंद्रशेखर तिच्या शेजारी जमिनीवर बसला. "पुण्यात लगेच नोकरी मिळेलच असं नाही," तो म्हणाला. हे तो पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होता.

"सांगा सगळं," ती म्हणाली, आणि हातातलं पुस्तक बाजूला ठेवलं.