डॉक्टरांची शाळा

तुळजाबाईंना सकाळपासून राग आलेला होता आणि तो सगळ्यांवर थोडा थोडा निघत होता. जीप उशिरा काढली म्हणून मुलावर, बद्रीनाथवर निघाला. वडीगोद्रीपासून अंबडपर्यंत रस्ता उकरून ठेवणाऱ्या ठेकेदारावर निघाला. आणि जालन्यात हॉटेलाच्या जिन्यापाशी पोचल्यावर तो गळ्यात नावाची कार्डं अडकवून हिंडणाऱ्या डॉक्टरांवर निघाला.

एवढाले डॉक्टर, कुणाचे केस पिकलेले, कुणाचं पोट पुढं आलेलं, अन् दारात रांग लावून हजेरी देत होते. कल्याणवर उपचार करणाऱ्या चिन्मयी डॉक्टरीणबाईंनी फोनवर समजावलं होतं की डॉक्टर झालं तरी शिकणं संपत नाही. नवीन काय निघालं ते ऐकायला असं जमावं लागतं, त्याचे पॉइंट मिळतात, अन् पॉइंट भरले नाहीत तर लायसन पुढं चालत नाही. तुळजाबाई स्वतः दुसरीतून उठलेल्या. शाळेचा कंटाळा त्यांनाही होता, पण हजेरी लावून पसार व्हायचं त्या वयात सुचलं नव्हतं. इथं ते सुचलेले दोघंतिघं त्यांच्या डोळ्यांदेखत जिना उतरून गेले.

आजचा धडा होता मणक्याचा वात. म्हातारपणी धरतो तो नव्हे. ऐन विशीत धरतो, आतून सांधे सुजवतो आणि बघता बघता पाठीचे मणके एकमेकांना चिकटवून टाकतो, तो. अन् धड्यातला नमुना म्हणून बोलावलेला होता तोच, तुळजाबाईंचा नातू, कल्याण.

कल्याण एके काळी मोसंबीच्या झाडाखाली उकिडवा बसून दिवसभर आळी करायचा. आता त्याला जमिनीवर पडलेलं मोसंबं उचलता येत नाही. मान वळत नाही. कुणी हाक मारली तर तो अख्खा वळतो, दार वळावं तसा. वय सव्वीस. हे सगळं झालं ते श्रीपती डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

श्रीपती डॉक्टर हाडांचे मोठे डॉक्टर, जालन्यात स्वतःचं हॉस्पिटल, पण मूळचे वडीगोद्रीचे. त्यांची आई अन् तुळजाबाई एका विहिरीवर पाणी भरायच्या. त्यामुळं ते घरचे डॉक्टर. त्यांनी कधी फी घेतली नाही अन् या घरानं कधी दुसऱ्या डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही. घरच्या माणसाला सोडून दुसऱ्याकडं जायचं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावायचं. कल्याण पहाटे दुखण्यानं उठून अंगणात फेऱ्या मारायचा, चाललं की त्याला बरं वाटायचं, अन् डॉक्टर सांगायचे, चालू नको, पडून राहा. पट्टा बांध. गादी काढून फळीवर झोप. असं करता करता वर्षं गेली. शेवटी त्याचा डोळा लालभडक झाला तेव्हा डोळ्याच्या डॉक्टरनंच पाठीचं विचारलं आणि त्याला संभाजीनगरला चिन्मयीबाईंकडं धाडलं. त्यांनी पहिल्याच भेटीत आजाराचं नाव सांगितलं. औषध लागू पडलं, दुखणं थांबलं, पण चिकटलेलं होतं ते चिकटलेलंच राहिलं.

इथवरचं तुळजाबाईंनी गिळलं असतं. पण पुढं बद्रीनाथनं जे केलं ते गिळण्यासारखं नव्हतं.

कल्याणला दुसरीकडं नेलं हे श्रीपती डॉक्टरांना कळलं आणि ते रुसले. गावच्या लग्नात भेटले तर बद्रीनाथशी बोलले नाहीत. बद्रीनाथला ते लागलं. तेवढ्यात कल्याणची धाकटी बहीण संध्या, कॉलेजात जाणारी, तिचीही कंबर धरायला लागली. तर या शहाण्यानं काय करावं? नातं सांधायला म्हणून तो पेढे घेऊन गेला आणि सोबत पोरगी घेऊन गेला. भावावरून मान गेला होता, तो बहीण देऊन भरून काढला. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, तो आजार पुरुषांचा, पोरींना होत नसतो. हिला आराम पाहिजे. पट्टा दिला, कॉलेज बंद केलं, खाटेवर पाडलं. तुळजाबाई तेव्हा लेकीकडं टेंभुर्णीला गेल्या होत्या. परत आल्या तर नात खाटेवर, कमरेला पट्टा, अन् डोळ्यांत तेच पहाटेचं जागरण. त्यांनी बद्रीनाथला जे ऐकवलं ते चार घरं पलीकडं ऐकू गेलं. पण तो म्हणाला, आता लगेच काढून नेली तर ते जन्मात बोलणार नाहीत, थोडं थांबू.

म्हणून चिन्मयीबाईंचा फोन आला, कल्याणला डॉक्टरांना दाखवायचंय, आणाल का, तेव्हा तुळजाबाईंनी फोन हातात घेऊन अट घातली होती. पोराला दाखवते, पण पोरीला तुम्ही बघायचं. बाई हो म्हणाल्या होत्या.

हॉलमध्ये गारठा होता. संध्या पट्टा बांधून मागच्या रांगेत बसली होती. कल्याणचा सदरा काढून त्याला पडद्यापुढं उभा केला. चिन्मयीबाई चांगलं बोलत होत्या हे तुळजाबाईंना इंग्रजी न कळताही कळत होतं. कल्याणला त्यांनी भिंतीला टाच लावून उभं केलं. डोकं भिंतीला टेकेना, मध्ये हात जाईल एवढी फट. वाकायला सांगितलं, तो गुडघ्यातून वाकला, पाठ फळीसारखी राहिली. दीडशे डोळे त्याच्या उघड्या पाठीवर. तुळजाबाईंनी पदर दातात धरला. पोरगं लाजत नव्हतं, उलट जिथं वाकता येत नाही तिथं कसनुसं हसत होतं, अन् ते हसणंच त्यांना बघवेना.

मग अध्यक्ष म्हणून श्रीपती डॉक्टर बोलायला उठले. हो, अध्यक्ष तेच होते. ते मराठीत बोलले. म्हणाले, अतिशय बोलकी केस आहे. पण मित्रांनो, आपल्या भागातली खरी अडचण म्हणजे अज्ञान. खेड्यातला माणूस दुखणं अंगावर काढतो, इकडंतिकडं हिंडतो अन् पाठ गेल्यावर आपल्याकडं येतो. आपण तरी काय करणार?

कल्याण सदऱ्याची गुंडी लावत होता. तो तसाच अख्खा वळला आणि त्यानं डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टर कागदात बघत होते.

तुळजाबाई उठून तडक चिन्मयीबाईंपाशी गेल्या. म्हणाल्या, आता पोरगी बघा. बाईंचा चेहरा पडला. त्यांनी तुळजाबाईंना बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं की संध्या सरांची पेशंट आहे हे त्यांना इथं आल्यावर कळलं. सरांची पेशंट सरांच्याच कार्यक्रमात, त्यांनी सांगितल्याशिवाय तपासणं बरं दिसत नाही, आमच्यात तसा रिवाज नाही. तुम्ही तिला माझ्या ओपीडीत आणा, सरांची चिठ्ठी मिळाली तर आणखी चांगलं.

तुळजाबाई तिच्याकडं बघतच राहिल्या. बद्रीनाथला शिव्या घालताना त्यांना वाटायचं की असली भीड खेड्यातल्या माणसालाच असते. ही तर शिकून, शहरात राहून, आजार पहिल्या भेटीत ओळखून त्याच भिडेत उभी होती.

"म्हंजी तुमच्यातबी तेच," त्या म्हणाल्या. "त्याला राग येईल म्हनून माझा नातू लाकूड झाला. आता त्याला राग येईल म्हनून नात बी होऊ द्या. आन् तुमी पुढच्या साली तिला बी हितं उभी करा, पडदा लावून."

तेवढ्यात माईकवर अवधूत डॉक्टरांचा आवाज आला. सगळी व्यवस्था या अवधूत डॉक्टरांकडं होती, आणि आपल्याकडं सत्काराशिवाय कार्यक्रम उठत नाही. श्रीपती सरांच्या सेवेबद्दल त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, आणि तोही पेशंटच्या घरातल्या ज्येष्ठ माउलीच्या हस्ते. टाळ्या पडल्या. मागच्या दाराशी जेवणाची भांडी वाजायला लागली होती. निम्मा हॉल तिकडं कान देऊन टाळ्या वाजवत होता.

बद्रीनाथ दारात उभा होता. आईची चाल बघून त्यानं डोळे मिटले.

तुळजाबाई स्टेजवर चढल्या. अवधूत डॉक्टरांनी शाल हातात दिली. श्रीपती डॉक्टर हसत पुढं झाले, मान थोडी खाली घातली. आजवर त्या त्यांना डॉक्टरसाहेब म्हणायच्या, अहोजाहो करायच्या. चारचौघांत तर नक्कीच.

"श्रीपती," त्या म्हणाल्या, "मान वर कर. तुला मान हालवता येती, तर मह्याकडं बघ."

कल्याण खालून पुटपुटला, "मोठी माय, हळू. माईक चालू हाये."

"चालू ऱ्हाऊ दे. आमी इकडंतिकडं हिंडलो म्हन्तो तू. सांग बरं, कुठं हिंडलो? पोराची कंबर धरली त्या महिन्यात तुझ्या दारात आल्तो. तू म्हन्ला पड, तो पडला. तू म्हन्ला पट्टा बांध, त्यानं बांधला. तुझ्या मायकडं बघून आमी दुसरा दवाखाना केला न्हाई. अन् आज हितं सगळ्यांपुढं आमीच अडानी?"

श्रीपती डॉक्टर लाल झाले. म्हणाले, "काकू, हे आपण नंतर बोलू. घरी येतो मी."

"नंतर न्हाई. मला भांडायचं न्हाई तुह्याशी. तिथं मागं संध्या बसली. तिला तू खाटंवर पाडून ठिवली. या बाईला सांग, तिला बघ म्हनून. तुह्या तोंडानं सांग, म्हंजी हिचा रिवाज मोडत न्हाई."

"काकू, मुलींना तो आजार—"

"नसंल तर नसंल. बघायला काय जातं? अन् तोवर ही शाल मह्याकडंच ऱ्हाईल."

अवधूत डॉक्टर माईक घ्यायला हात पुढं करत होते; तुळजाबाईंनी त्या हाताकडं नुसतं बघितलं आणि तो मागं गेला. श्रीपती डॉक्टरांनी हॉलकडं बघितलं. कुणी जेवायला उठत नव्हतं. शेवटी ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मॅडम, बघून घ्या तिला."

कुणीतरी तिला तिथंच पुढं आणायला निघालं. तुळजाबाईंनी अडवलं. पोराला उघडं केलं तेवढं बास, म्हणाल्या. बाजूच्या खोलीत पाहुण्यांना द्यायच्या पिशव्या रचलेल्या होत्या, तिथं संध्याला नेलं. चिन्मयीबाई, तुळजाबाई, आणि तुळजाबाईंनी बजावून आत घेतलेले श्रीपती डॉक्टर. ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

चिन्मयीबाईंनी पट्टा सोडला आणि विचारायला सुरुवात केली. दुखणं कधी जास्त? पहाटे. उठल्यावर? अंग आखडलेलं असतं, न्हाणीघरापर्यंत भिंत धरून जाते. चाललं की? बरं वाटतं, पण चालायचं नाही सांगितलंय. पडून राहिलं की? जास्त. मधे डोळा आला होता का? आल्ता, संध्या म्हणाली, पण भांडण होईल म्हणून घरी सांगितलं नाही. तुळजाबाईंच्या तोंडून नातीसाठी एक अशी शिवी निघाली की तिच्यात सगळी माया होती.

बाईंनी कमरेच्या खाली, माकडहाडाच्या दोन्ही अंगांना अंगठा दाबला. संध्या ओरडली. बाई अदबीनं म्हणाल्या, "सर, तुम्ही जरा बघता?"

श्रीपती डॉक्टर वळले. त्यांनी परवानगी मागितली, अंगठा ठेवला, दाबला. पोरगी पुन्हा कळवळली. त्यांनी हात काढून घेतला आणि तो कुठं ठेवावा हे कळेना तसा धरून राहिले.

चिन्मयीबाईंनी तुळजाबाईंना मराठीत नीट सांगितलं. भावाचाच आजार वाटतो. पोरींनाही होतो, लोक बघत नाहीत म्हणून दिसत नाही. एमआरआय उद्याच काढू, मग पक्कं सांगता येईल. पण सूज अजून आत आहे, मणके चिकटलेले नसावेत. आता औषध आणि रोजचा व्यायाम सुरू झाला तर कल्याणसारखं व्हायचं कारण नाही. पट्टा नको. खाट नको. कॉलेज उद्यापासून सुरू केलं तरी चालेल.

संध्या रडायला लागली. तुळजाबाई रडल्या नाहीत. त्यांना हायसं वाटायला हवं होतं, पण वाटला तो राग, आणखी जुना, आणखी खोल. एवढंच होतं तर. एका खोलीचं, चार प्रश्नांचं काम. कल्याणला वेळेवर कुणी ते चार प्रश्न विचारले नाहीत.

"काकू," श्रीपती डॉक्टर म्हणाले, "सत्कार राहू द्या. मी बाहेर सांगतो, तब्येत बरी नाही."

"तब्येतीला काय धाड भरली तुह्या? बाहेर एवढे डॉक्टर शिकाया बसले. आता हितं जे बघितलं ते त्यायला सांग. त्यासाठीच भरवली ना ही शाळा?"

डॉक्टर दाराकडं वळले. तुळजाबाईंना वाटलं, मागच्या दारानं जातो हा. पण ते पुढच्या दारानं हॉलमध्ये गेले, आणि त्या त्यांच्या मागं, वळू नये म्हणून बैलामागं चालावं तशा.

माईकपाशी जाऊन ते आधी इंग्रजीत बोलले. तुळजाबाई शेजारीच उभ्या होत्या. म्हणाल्या, मला कळंल असं. मग ते मराठीत म्हणाले की कल्याण माझाच पेशंट होता, सुरुवातीपासून. तो उशिरा आला नव्हता. तो वेळेवर आला होता, मला उशीर झाला. एवढं बोलून ते थांबले आणि खाली उतरायला निघाले.

"पोरीचं ऱ्हायलं," तुळजाबाई म्हणाल्या.

ते परत वळले. त्याच घरातल्या मुलीला मी आत्ता, तुम्ही इथं बसलेले असताना तपासलं, म्हणाले. तिला मी तीन महिने झोपवून ठेवलं होतं. ती मुलगी आहे म्हणून मी विचारलंच नाही.

टाळ्या पडल्या नाहीत. जेवणाच्या भांड्यांवरची झाकणं तशीच होती. तिसऱ्या रांगेत बदनापूरला दवाखाना चालवणारी एक तरुण डॉक्टरीण हात वर करून उठली. अडखळत म्हणाली की सर, माझ्याकडं एक बाई येते, दोन लेकरांची आई, रोज सकाळी कंबर धरते, दुपारपर्यंत मोकळी होते. मी तिला वर्षभर कॅल्शियम देतेय. बाळंतपणाचं म्हणून. तिला कधी पहाटेचं विचारलं नाही.

श्रीपती डॉक्टर उत्तर द्यायला चिन्मयीबाईंना शोधत होते. तुळजाबाईंनी मात्र वाट बघितली नाही. अध्यक्षांची खुर्ची रिकामी होती, त्या तिच्यात टेकल्या आणि त्या पोरीला म्हणाल्या, "मंग हात वर करून उभी कामून ऱ्हायली? फोन लाव तिला. आत्ता कुठं मोकळी झाली आसंल ती."