एका डब्यात दोन हात

व्यंकटच्या रक्तात साखर निघाली, तेव्हा हुलसूरच्या त्या घरात सगळ्यात आधी पेटून उठली ती त्याची बायको मंजुश्री. तिनं एका दिवसात पांढरा भात बंद केला, बिस्किटांचे पुडे बंद केले, दुकानातून प्लास्टिकची पिशवी आणायलाही बंदी घातली. तिसऱ्या दिवशी नवरा हॉटेलात पुऱ्या खाताना सापडला आणि लेक चैत्रा आजीच्या ट्रंकेत पुडे लपवताना.

"घर म्हंजे काय दाव्याचं जनावर हाय, वढलं की चाललं?" सासूबाई सत्यभामाबाई म्हणाल्या. "चार महिन्यांत मी वळवते बघ. कुणाच्या कपाळाला आठी पडली तर चुलीचा कारभार तुझा."

बोलून बसल्या खऱ्या. आजवर त्यांचा शब्द कुणी खाली पडू दिला नव्हता, आणि लेक तर एकुलता एक, बेचाळीस वर्षांचा.

सुरुवात त्यांनी पिशव्यांपासून केली. जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवल्या आणि व्यंकटच्या गाडीच्या हँडलला अडकवून ठेवल्या. हाताशी आलं की माणूस वापरतं. महिन्याभरात घरामागं प्लास्टिक जाळल्याचा घाण धूर थांबला, तेही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग पीठ. शेतातली ज्वारी विकायची आणि गहू विकत आणायचा, हा शहाणपणा त्यांना कधीच पटला नव्हता. दर गुरुवारी, घरात कुणी नसताना, गव्हाच्या पिठाच्या डब्यात त्या ओंजळभर ज्वारीचं पीठ मिसळू लागल्या. व्यंकट चपाती खाई, काही बोलत नसे. बाई पदराआड हसत.

सहाव्या आठवड्यात मात्र चपातीला लाटण्याखालीच चिरा पडल्या. तव्यावरून उचलली की तुकडे.

"ह्यो गिरणीवाला शंकरप्पा चोर झालाय!" व्यंकट ताटावरून उठला. "आपल्या गव्हात कुणाचं तरी पीठ मिसळायलाय. आत्ताच इचारतो त्याला."

डबा गाडीवर ठेवून तो निघालासुद्धा. बाई ताडकन उठल्या. तीस वर्षं शंकरप्पानं त्यांचं दळण दळलं होतं, कधी मूठभर कमी भरलं नव्हतं. त्या तशाच निघाल्या, मागून मंजुश्री.

गिरणीत सात-आठ माणसं दळणाला उभी होती. व्यंकट ओरडत होता आणि पिठानं भुवयांपर्यंत पांढरा झालेला शंकरप्पा गिरणी थांबवत होता. गप्प बसलं तर आपला शब्द राहतो, बाईंच्या मनात आलं, पण भल्या माणसाची अब्रू जाते. त्यांनी पदर खोचला.

"व्यंकट, खाली ठेव त्यो डबा. पीठ मी मिसळलं."

"माय, तू? कामून?"

"तू जगावंस म्हणून. दुसरं काय!"

मागून मंजुश्रीचा बारीक आवाज आला. "आत्याबाई, मी बी मिसळायले."

बाई गर्रकन वळल्या. "तू कवा गं?"

"सोमवारी सोमवारी."

"आन् मी गुरुवारी! तरीच चपाती मेली!"

शंकरप्पाला हसू आवरेना. "अक्का, तुमच्या घरची ज्वारी कामून जादा यायलीय, हेच मला उमगंना झालतं."

सगळी गिरणी हसली. व्यंकट खजील झाला. "माफ कर, अण्णा," तो म्हणाला. मग आईकडं वळला. "म्हंजे इतके दिवस मी ज्वारीच खायलोय?"

"व्हय. आन् मागून मागून खाल्लीस."

"मग सरळ भाकरीच करा की. ह्या तुकड्यांनी तरी जीव नका खाऊ."

 घरी परतून दारात आल्यावर बाई सुनेला म्हणाल्या, "आठी पडली. चुलीचा कारभार तुझा."

"आठी शंकरप्पावर पडली, आत्याबाई. ती धरायची न्हाई."

"लई शहाणी झालीस." पण बाईंना ते आवडलं होतं. त्यांनी काटवट पुढं ओढली, ज्वारीचं पीठ मळलं आणि पहिली भाकरी थापली. व्यंकटनं कारळाच्या चटणीबरोबर दोन खाल्ल्या. तिसरी चैत्रानं पळवली.

"आता भाताचं काय करायचं?" मंजुश्रीनं हळूच विचारलं.

"एका येळंचा कमी करायचा. पण कोणी करायचा, ते आदी ठरवू बाई. न्हाईतर तू सकाळचा बंद करशील, मी संध्याकाळचा, आन् ह्यो परत हॉटेलात जाऊन बसंल."