वाट मोकळी राहिली

“बापाक, तुमची भिंत उभी राहिली, की म्बाह कार्योंचा जनाजा कुठून न्यायचा?”

रेंगानिसनं आळीच्या भरसभेत बापालाच विचारलं आणि सगळ्यांचे चहाचे पेले हवेतच थांबले. म्बाह कार्यो म्हणजे आळीतले सगळ्यांत म्हातारे आजोबा. ते समोरच मांडी घालून बसले होते, चांगले ठणठणीत. बोळकं पसरून हसले. “विचार पोरी. माझ्याच सोयीचा प्रश्न आहे,” म्हणाले. मग सगळेच हसले. बापाक तेवढे हसले नाहीत.

पैज तिच्या मैत्रिणींनी, तियास आणि निंगनं लावली होती. शाळेच्या वादविवादात पहिली आल्यापासून रेंगानिसचे पाय जमिनीला लागत नव्हते. तियास म्हणाली, शाळेत काय कुणीही बोलतं, स्वतःच्या बापासमोर बोलून दाखव.

जावा बेटावरच्या कोतागदेच्या त्या आळीत जुन्या लाकडी घरांची रांग आहे आणि सगळ्यांच्या अंगणांतून एकच वाट जाते. अंगण ज्याचं त्याचं, वाट सगळ्यांची. दोन्ही टोकांचे दरवाजे दिवसभर उघडे. गाडीवरचा माणूसही तिथं उतरतो, गाडी ढकलत नेतो आणि जाताना जरासा वाकून ‘जातो हं’ म्हणतो. नवरी त्याच वाटेनं येते, मेलेला त्याच वाटेनं जातो. एकानं भिंत घातली की सगळ्यांचीच वाट मेली. आणि बापाकना नेमक्या आपल्या अंगणात दुमजली खोल्या बांधायच्या होत्या, कॉलेजच्या मुलांना भाड्यानं द्यायला.

महिनाभर आळी आतल्या आत धुमसत होती. पण जावाची माणसं ती. तोंडावर कुणी ब्र काढला नव्हता. रेंगानिसच्या प्रश्नानं झाकण उडालं आणि एकेकाला कंठ फुटला. शेवटी बापाकनी नकाशाची गुंडाळी केली, हात जोडले. “चुकलं माझं. राहू दे,” म्हणाले. वाद नाही, चढा आवाज नाही. पोरीकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

संध्याकाळपर्यंत ती आळीची राणी होती. निंगनं पैज हरल्याबद्दल तिला मांसाच्या गोळ्यांचा वाडगाभर बाकसो खाऊ घातला, बायकांनी गाल ओढले. म्बाह कार्योंनी तर, आता मी निवांत मरतो, असं बजावूनच टाकलं.

मग इबूचा फोन आला. रेंगानिसची आई सहा वर्षं तैवानात एका आजारी म्हाताऱ्याची सेवा करते आहे. रविवारी त्याला जेवू घातलं की ती व्हिडिओवर येते. बापाक फोन घेऊन मागच्या पडवीत गेले. आपली फुशारकी सांगायला रेंगानिस मागोमाग धावली आणि दाराआडच थबकली.

“खोल्या नाही होत गं,” बापाक म्हणत होते. “भाडं सुरू झालं असतं तर या ईदला तुला कायमचं आणणार होतो.”

इबूनं विचारलं, “पोरीला सांगितलं नव्हतंत ना?”

“नाही. मागच्या वेळी तू येणार म्हणून सांगितलं नि तू आली नाहीस, तेव्हा कितीतरी दिवस धड जेवली नव्हती. म्हटलं, तू दारात उभी राहिलीस की कळेलच तिला.”

“बरं केलंत. मोडता कुणी घातला?”

“आळीनं,” बापाक म्हणाले. “सगळ्यांनी मिळून.”

“त्यांचंही खरंच आहे हो. मी नवरी होऊन त्याच वाटेनं आले.” मग घाईघाईनं म्हणाली, “इथल्या बाई नवा करार घेऊनच बसल्यात, तीन वर्षांचा. उद्या सही करते.” हसायला गेली, पण हसू काही तिला जमलं नाही.

रेंगानिस दाराआडून बाहेर आली. “आळीनं नाही, इबू. मी. पैजेपायी.”

दोघं रागावली असती तर तिला बरं वाटलं असतं. बापाकनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती पार कोसळली. फोनमधली इबू ‘अगं, अगं’ करत राहिली. तिला हात लावता येत नव्हता. रडून रडून घसा बसला, तेव्हा रेंगानिसनं बाहीनं नाक पुसलं आणि बापाकच्या हातातून फोन घेतला.

“मी ठरवलंय. दोघांनी ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही. इबू, उद्या सही कर, पण ही शेवटची. तोवर माझी बारावी होते. मग तुझ्या जागी त्या म्हाताऱ्याला मी भरवीन. तिथली भाषा उद्यापासून शिकायला घेते, आणि तू घरी यायचंस.”